मतदाराला विचारायचे, पण उत्तर ऐकायचे नाही

अमेरिकेतला गर्भपाताचा वाद म्हणजे धर्माचा वाद, असे आपल्याकडे सर्रास लिहितात. मला ते मुळीच पटत नाही. त्या वादाला आजचे रूप दिले ते मतांच्या गणिताने. सदर्न बॅप्टिस्ट हा तिथला केवढा कर्मठ पंथ! त्यांच्याच अधिवेशनाने १९७१ साली ठराव केला होता, की बलात्कार, गर्भातले व्यंग, आईचे आरोग्य अशा कारणांसाठी कायद्याने गर्भपाताला मुभा असावी. १९६७ साली कॅलिफोर्नियाचा गर्भपाताचा कायदा सैल झाला, त्यावर सही गव्हर्नर रेगन यांची. पुढे १९८० मध्ये हेच रेगन गर्भपातविरोधकांचे लाडके उमेदवार. ट्रम्पही १९९९ मध्ये हक्काच्या बाजूचे होते, २०१६ मध्ये विरुद्ध. एवढ्या वेळा कूस बदलणाऱ्याला श्रद्धाळू कसे म्हणायचे?

डेमोक्रॅटही धुतल्या तांदळासारखे नाहीत. १९७३ च्या 'रो' निकालाने हक्क मिळाला, पण जवळजवळ पन्नास वर्षे तो न्यायालयाच्या भरवशावर सोडून दिला. संसदेत कायदा करून पक्का केला नाही. भीती दाखवून मते मात्र दर खेपेस मागितली. २४ जून २०२२ ला न्यायालयाने तो निकालच मोडीत काढला.

आता लोकांचे बघा. त्याच ऑगस्टात कॅन्ससने, म्हणजे रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्याने, हक्क काढायला ५९ टक्क्यांनी नकार दिला. ओहायोत सार्वमत येणार दिसताच राज्यकर्त्यांनी घटनादुरुस्तीची अट साठ टक्क्यांवर न्यायचा घाट घातला! (आमच्या शाळेत परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी पासाचे गुण वाढवले असते, तर पालकांनी मोर्चा आणला असता.) लोकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये तो डाव उधळला आणि नोव्हेंबरात हक्क घटनेत घातला. फ्लोरिडात साठाची अट आधीपासूनच. २०२४ मध्ये ५७ टक्के मिळूनही ठराव पडला.

आणि मिझुरी! तिथल्या मतदारांनी २०२४ मध्ये एकाच दिवशी हक्क मंजूर केला आणि ट्रम्पनाही भरघोस मते दिली. म्हणजे 'या प्रश्नावर निवडणूक फिरते' म्हणणारे पंडितही तोंडघशी पडले. मला त्या मतदाराचे आश्चर्य नाही वाटत. महागाईला एक मत, लेकीसुनेला दुसरे, असा हिशेब त्याने केला असणार. राग येतो तो पुढाऱ्यांचा. २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ठरवले, की हाच प्रश्न २०२६ मध्ये लोकांना पुन्हा विचारायचा.

टेक्सासात राहणाऱ्या आपल्या मुलींना हे विचारण्याचीही सोय नाही. नागरिकांनी सह्या गोळा करून सार्वमत मागण्याची तरतूदच त्या राज्यात नाही, आणि तिथल्या बंदीत बलात्काराचाही अपवाद नाही.