छात्रालय हाच संसार

पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि सहाच वर्षांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पण या अल्प काळात खानदेशातील त्या लहानशा गावाने महाराष्ट्राला ‘साने गुरुजी’ दिले. गुरुजींनी विवाह केला नाही. शाळेचे छात्रालय हाच त्यांचा संसार. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे यांत त्यांना कमीपणा वाटला नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे आणि १९४७ मध्ये अस्पृश्यांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून उपोषणास बसणारे मन हेच होते.

प्रतिमेला हार घालून हा वारसा टिकत नाही. पवनाकाठच्या पिंपळे सौदागरात आज शेतांच्या जागी उंच इमारती आहेत. त्या बांधणाऱ्या मजुराचे मूल काम संपताच आईबापांमागे दुसरीकडे जाते. त्याची आस्थेने चौकशी करील असा शिक्षक त्याला लाभावा कसा? शिक्षकालाच स्थैर्य नाही. शिक्षणसेवकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिक शाळेत ते मानधन २०२३ मध्ये कुठे दरमहा ६,००० रुपयांवरून १६,००० झाले. शिक्षकाकडून गुरुजींची तळमळ मागायची आणि त्याला संसार चालविण्याइतके वेतन मात्र नाकारायचे, हा न्याय नव्हे.

गुरुजी एकटे होते, म्हणून त्यांचा त्याग निभावला. आजच्या शिक्षकाला घर आहे, मुलेबाळे आहेत. त्याच्या पूर्ण वेतनासाठी लढणे आणि मजुराच्या मुलाला शाळेपर्यंत पोहोचविणे, कार्यकर्त्यांसाठी गुरुजींचे खरे स्मरण हेच होय.