खोटी साक्ष आणि मोठी खुर्ची

१७ ऑगस्ट १९९८. व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये बसून राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ग्रँड ज्युरीपुढे कॅमेऱ्यातून साक्ष दिली. त्याच रात्री, त्याच खोलीतून, त्याच खुर्चीवरून ते देशाशी बोलले. व्हाइट हाउसमधल्या इंटर्न मोनिका लुइन्स्कीशी संबंध होते आणि ते गैर होते. ते संबंध नाकारणारी जानेवारीतली आपली जबानी मात्र कायद्याने अचूकच होती म्हणे. धीट माणूस!

निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला खासगी भानगडीवरून घालवायचं का, असं त्यांचे पाठीराखे विचारत. भानगडीत मलाही रस नाही. पण ती जबानी पॉला जोन्स यांच्या दाव्यातली होती. क्लिंटन आर्कान्साचे गव्हर्नर असताना या बाई तिथे सरकारी नोकरीत होत्या. त्यांची तक्रार खरी की खोटी, ते बाजूला ठेवा. कोर्टात गेलेल्या बाईला समोरच्याकडून खरं उत्तर मिळायला नको?

शपथेवर खोटं बोलणाऱ्याला पदावरून काढायचं का, हा प्रश्न अमेरिकेला नवाही नव्हता. ग्रँड ज्युरीपुढे खोटं बोलल्याबद्दल मिसिसिपीचे फेडरल न्यायाधीश वॉल्टर निक्सन (वॉटरगेटवाले वेगळे!) यांना शिक्षा झाली. राजीनामा न देता गृहस्थ तुरुंगातूनही पगार घेत राहिले. १९८९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ४१७ विरुद्ध शून्य मतांनी महाभियोग मंजूर केला, सिनेटने त्यांना घरी पाठवलं. न्यायाधीश तहहयात असतो, राष्ट्राध्यक्षाचा हिशेब मतदार करतात, हा बचाव ऐकायला बरा. पण क्लिंटन यांची दुसरी मुदत चालू होती; मतदारांपुढे ते पुन्हा उभे राहणारच नव्हते.

१९ डिसेंबर १९९८ ला प्रतिनिधिगृहात क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगातलं, ग्रँड ज्युरीपुढच्या खोट्या साक्षीचं कलम २२८ विरुद्ध २०६ मतांनी संमत झालं. जोन्स दाव्यातल्या जबानीचं कलम मात्र पडलं, आणि माझ्या मते ढळढळीत खोटं तिथेच होतं. पुढे संमत कलमावर दोषी ठरवायला सिनेटमध्ये हवी होती ६७ मतं, पडली ४५.

राजकारणी भाषणात खोटं बोलला तर त्याला मतपेटीत बघून घ्यावं. शपथेवर, कोर्टात, दुसऱ्याचा दावा बुडवणारं खोटं बोलला तर महाभियोग व्हायलाच हवा.

त्या जबानीबद्दल न्यायाधीश सुसान वेबर राइट यांनी क्लिंटन यांना कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. लॉ कॉलेजात त्या त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. १९ जानेवारी २००१ ला, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, काही उत्तरं खोटी होती हे क्लिंटन यांनी कबूल केलं आणि पाच वर्षांसाठी सनद गमावली. आर्कान्सात वकिली करायला नालायक ठरलेला हा माणूस तोवर देशाचे न्यायाधीश नेमत होता.