माकड आमचे, विद्या परक्यांची!

मुंबईहून गोव्याकडे निघालेली गाडी पेण ओलांडून वडखळला आली, की रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट अलिबागला जाते, दुसरी नागोठणे, महाड करीत तळकोकणात उतरते. बाह्यवळण रस्ता होण्यापूर्वी या नाक्यावर मालमोटारींची जी कोंडी होत असे ती ज्याने अनुभवली, त्याला वडखळ हे नाव जन्मात विसरता येणार नाही. १९९० नंतरच्या दशकात अशा प्रत्येक नाक्यावर, चहाच्या टपरीवर आणि टायरवाल्याच्या दुकानात एका व्याधीचे नाव कुजबुजत घेतले जात होते. घरापासून महिनोन् महिने दूर राहणारे चालक आणि क्लीनर तिचे बळी ठरत होते. त्यांच्या मागोमाग, ज्यांनी उंबरठाही ओलांडला नव्हता अशा त्यांच्या बायका आणि अजाण लेकरे बळी पडत होती. तेव्हा एच.आय.व्ही. म्हणजे मरण, एवढीच गोष्ट सर्वांना ठाऊक होती.

आज तो चालक जिवंत आहे. सरकारी केंद्रातून त्याला रोज घ्यावयाची एक गोळी विनामूल्य मिळते, ती घेऊन तो गाडी हाकतो आणि नातवंडांचे तोंड पाहतो. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात ही औषधे सरकार मोफत देत आले आहे. सरकारने केलेल्या ज्या थोड्या कामांबद्दल आम्हांला मनापासून समाधान वाटते, त्यांत याची गणना आम्ही करतो. परंतु आज आम्हांला विचारावयाचा आहे तो प्रश्न निराळा आहे. ही गोळी माणसाच्या पोटात जाण्यापूर्वी तिच्यातले औषध कोणाच्या अंगात गेले होते?

उत्तर असे आहे. त्या गोळीत टेनोफोव्हिर नावाचे द्रव्य असते. १९९५ साली अमेरिकेतील सिएटल येथे शास्त्रज्ञांनी लांब शेपटीच्या माकडांना या द्रव्याचे मूळ रूप टोचले आणि एच.आय.व्ही.चा भाऊबंद असलेला विषाणू त्यांच्या शरीरात सोडला. ज्यांना औषध मिळाले ती माकडे वाचली, ज्यांना मिळाले नाही ती सारी बाधित झाली. संसर्ग होण्याआधीच औषध देऊन माणसाला वाचविता येईल, ही कल्पना त्या प्रयोगाने पक्की झाली. पुढे २०१० साली माणसांवरील चाचणीने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. वडखळच्या नाक्यावर गाडी उभी करून पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळणाऱ्या त्या चालकावर असे कुठल्याशा दूरदेशीच्या मुक्या जनावराचे ऋण आहे.

आणि या क्षेत्रात ज्या जनावराचे नाव सर्वांत वर घेतले जाते ते तर दूरदेशीचेही नव्हे. ते आमचेच आहे. लाल तोंडाचे आपले माकड, ज्याला शास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात, ते एड्सच्या संशोधनातील मुख्य प्राणी आहे. त्यातही भारतीय वंशाच्या माकडाला आगळा मान आहे. चिनी वंशाच्या माकडात हा विषाणू मंद गतीने वाढतो. भारतीय वंशाच्या माकडात त्याचे वर्तन अधिक तीव्र आणि अधिक निश्चित असते, म्हणून प्रयोग करणारा तेच मागतो. ही माकडे अमेरिकेत गेली कशी? आम्हीच धाडली. पोलिओच्या लशीसाठी गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात वर्षाला लाखाहून अधिक माकडे पिंजऱ्यांत कोंबून भारतातून परदेशी जात होती. १९५५ साली लंडनच्या विमानतळावर त्यांतली शेकडो गुदमरून मेली, तेव्हा दिल्लीने काही काळ निर्यात रोखली आणि पुन्हा सुरू केली. अखेर १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने ती कायमची बंद केली. मोरारजीभाईंशी मराठी माणसाचे का बिनसले हे येथे सांगावयास नको. परंतु आमची माकडे युद्धविषयक प्रयोगांसाठी वापरली जात आहेत हे कळताच त्यांनी जो दरवाजा बंद केला, त्याबद्दल त्यांना दोष द्यावा असे आम्हांला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

दोष आहे तो त्यानंतरच्या आमच्या स्वस्थपणाचा. दरवाजा बंद झाला, पण जी माकडे आधीच गेली होती त्यांची अमेरिकेने काळजीपूर्वक पैदास केली. १९६० च्या दशकात तिने सरकारी खर्चाने उभारलेल्या वानरकेंद्रांतून त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. प्रत्येकाची वंशावळ, प्रत्येकाचे रक्त, प्रत्येकाची जनुके नोंदविली गेली. अशा केंद्रांतून नवशिक्या संशोधकाला प्राथमिक प्रयोगासाठी छोटी अनुदाने देण्याची पद्धत आहे. त्याला स्वतःचा पिंजरा लागत नाही, स्वतःचा पशुवैद्य लागत नाही. लागते ती फक्त कल्पना. ही सारी व्यवस्था उभी राहत असताना, ज्या देशातून ती माकडे गेली त्या देशाने काय केले? आमच्या बुद्धिमान मुलाला आमच्याच माकडाच्या पणतवंडांवर प्रयोग करावयाचा तर त्याला पारपत्र काढून सातासमुद्रापलीकडे जावे लागते!

यावर कोणी म्हणेल, गोळी तर मिळालीच आहे, आता संशोधन कशाला? हा प्रश्न भाबडा आहे. देशात आज २५ लक्षांहून अधिक माणसे हा विषाणू अंगात वागवीत आहेत आणि त्यांतली जवळजवळ चार लक्ष एकट्या महाराष्ट्रात आहेत, इतर कोणत्याही राज्याहून अधिक. गोळी विषाणूला दाबून ठेवते, मारीत नाही. ती थांबली की तो पुन्हा डोके वर काढतो, कारण तो शरीरातल्या पेशींत दडी मारून बसलेला असतो. ही दडी तो कधी मारतो? माणसावरून हे कळणे दुरापास्त आहे, कारण माणूस दवाखान्यात येतो तो संसर्गानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी. माकडावरूनच ते कळले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संसर्गानंतर अवघ्या तिसऱ्या दिवशी माकडांना औषध सुरू केले. रक्तात विषाणू दिसूही लागला नव्हता. तरीही पुढे औषध थांबविताच तो उलटून आला. तीन दिवसांत त्याने घर केले होते! असे ज्ञान मिळविण्याचा दुसरा मार्ग आज तरी उपलब्ध नाही.

माकडाच्या या उपयोगाला मर्यादाही आहेत, आणि त्या सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. माणसाचा एच.आय.व्ही. लाल तोंडाच्या माकडात रुजतच नाही. त्याच्या पेशीतील एक प्रथिन त्याला दारातच अडविते, हे २००४ साली उघड झाले. म्हणून आफ्रिकेतील माकडांत मूळ असलेला एस.आय.व्ही. किंवा दोहोंचा संकर वापरावा लागतो. माकडात यशस्वी झालेली लस माणसात फसल्याची उदाहरणे आहेत. पुण्याच्या नारी या संस्थेत २००५ साली देशातील पहिल्या एड्सलशीची माणसांवर चाचणी झाली, तीही लस सुरक्षित ठरली, पण पुरेशी प्रभावी ठरली नाही. लस का फसते, याचा शोध घेण्यासाठीच तर तरुण डोकी हवीत. जुनी डोकी बहुधा आपल्या जुन्या कल्पनेचे समर्थन करण्यात गुंतलेली असतात.

तरुण डोके काय करू शकते याचे उदाहरण याच रोगाच्या इतिहासात आहे. भारतात एच.आय.व्ही. प्रथम सापडला तो १९८६ साली, मद्रासला. तो कोणा नामवंताच्या सुसज्ज प्रयोगशाळेने शोधला नाही. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी रक्ताचे नमुने गोळा केले, ठेवावयास जागा नाही म्हणून घरच्या शीतकपाटात ठेवले आणि तपासण्यासाठी वेल्लोरला नेले. तिला हा विषय सुचविणाऱ्या, तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. आमच्या देशात असला रोग कोठला, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा तो काळ होता. एका विद्यार्थिनीच्या त्या नमुन्यांनी साऱ्यांची झोप उडविली. शंभर वर्षांपूर्वीची गोष्टही याहून वेगळी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा छत्तिशीतल्या हाफकिनला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. तेवढ्यावर त्याने तीन महिन्यांत लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

मात्र शीतकपाट आणि व्हरांडा यांवर माकडाचे संशोधन होत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०२० साली करोनाच्या लशीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला वीस माकडे हवी होती, तेव्हा देशात प्रयोगासाठी वाढविलेली योग्य वयाची माकडे मिळेनात. टाळेबंदीच्या दिवसांत वनखात्याच्या मदतीने नागपूरच्या परिसरातून ती पकडून आणावी लागली! ती लस तयार झाली, हे त्या शास्त्रज्ञांचे कर्तृत्व. पण महामारी दारात उभी असताना जंगलात जाळी घेऊन धावावे लागणे, ही व्यवस्थेची फजिती आहे. परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने वसईजवळ सासूनवघर येथे राष्ट्रीय वानर प्रजनन व संशोधन केंद्राची योजना आखली, ती याच उणिवेवर उपाय म्हणून. अशा योजनांची गती मुंबई-गोवा महामार्गासारखी असू नये, एवढीच आमची प्रार्थना. त्या महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले होते, हे वडखळकरांना तोंडपाठ आहे.

आता पैशाकडे वळू. दिल्लीने २०२४ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान सुरू केले आणि नवोदित संशोधकांना तीन वर्षांसाठी ६० लक्ष रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना काढली. योजना चांगली आहे. परंतु माकडावर काम करणाऱ्याला तीन वर्षे म्हणजे काय? नैतिक समितीची संमती, केंद्रीय परवानगी, जनावर मिळविणे, ते काही काळ वेगळे ठेवून निरोगी असल्याची खात्री करणे, महिनोन् महिने लशीच्या मात्रा देणे, मग विषाणूची परीक्षा आणि त्यानंतर वर्षभर निरीक्षण. एवढ्यात मुदत संपते आणि तो बिचारा निष्कर्षाऐवजी मुदतवाढीचा अर्ज लिहीत बसतो. इन्स्पायरसारख्या काही पाठ्यवृत्ती पाच वर्षांच्या आहेत हे खरे, परंतु जनावराचे खाणे, निवारा आणि पशुवैद्य यांचा भार त्यांनी पेलावा ही अपेक्षा व्यर्थ आहे.

शिवाय मंजूर झालेला पैसा वेळेवर हातात पडतो कोठे? पेणच्या गणपतीच्या कारखानदाराला कोणी श्रावणात माती दिली तर भाद्रपदात गणपती कसा उभा राहील? तेथे विसर्जन होते न होते तोच पुढच्या वर्षाची तयारी सुरू होते, म्हणून तर पेणचा गणपती परदेशी जातो. आमच्या संशोधकाला मात्र विद्यावेतनासाठी फलक घेऊन रस्त्यावर बसावे लागते. कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन २०२३ साली ३१ हजारांवरून ३७ हजार झाले ते देशभरच्या आंदोलनांनंतर, आणि महाराष्ट्रात सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या विद्यार्थ्यांनी अधिछात्रवृत्तीसाठी केलेली उपोषणे वाचकांच्या स्मरणात असतीलच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांतील पाऊण रुपयाहूनही कमी रक्कम जो देश संशोधनावर खर्च करतो, त्याने निदान तेवढी तरी वेळेवर द्यावी.

हे आजच सांगण्याचे कारण आहे. २०२५ साली अमेरिकेच्या सरकारने एड्सच्या लशीवर काम करणाऱ्या आपल्या दोन मोठ्या संशोधनसंघांचे अर्थसाहाय्य पुढे न चालविण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या भरवशावर आम्ही स्वस्थ होतो तेच हात आखडते घेऊ लागले आहेत. तेथे शिकलेली आमची मुले परत येण्याचा विचार करीत असतील, तर त्यांना दाखवावयास आमच्यापाशी काय आहे?

माकडाच्या जिवाचा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. कोकणात मारुतीचे देऊळ नाही असे गाव विरळा, आणि आंब्याकाजूची नासाडी करणाऱ्या माकडांना शिव्याशाप देणारा बागायतदारही शनिवारी त्याच मारुतीला तेल वाहतो. आमची भावना त्याच्याहून वेगळी नाही. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगविषयक नियम कसोशीने पाळले जावेत, पेशींवर किंवा उंदरावर भागेल तेथे माकडाला हात लावू नये, आणि रानातून माकड पकडून आणण्याची वेळ पुन्हा येऊ नये. सुस्थितीतील सरकारी केंद्र हेच क्रौर्याविरुद्धचे उत्तम संरक्षण आहे. थोडक्या पैशात घाईने उरकलेल्या, अपुऱ्या प्रयोगात जनावराचा जीव जातो आणि ज्ञानही मिळत नाही, याहून मोठी हिंसा कोणती?

तेव्हा आमची मागणी दिल्लीकडे आहे तशी मुंबईच्या मंत्रालयाकडेही आहे. सासूनवघरसारखे केंद्र नारी, विषाणू संस्था आणि विद्यापीठे या सर्वांना खुले करावे. तेथे काम करू इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी सहा वर्षांचे स्वतंत्र अनुदान ठेवावे, आणि त्यात त्यांची गाठ मुरब्बी प्राध्यापकांशी घालू नये. जनावरांच्या पालनाचा खर्च केंद्राने सोसावा, संशोधकाच्या अनुदानातून तो कापू नये. हाफकिन संस्था राज्य सरकारची आहे. तिच्या नावाने राज्याने दरवर्षी निदान चार-पाच तरुणांना असे अनुदान द्यावे. आणि त्याचा पहिला हप्ता एप्रिलात द्यावा, मार्चअखेरीस नव्हे.