डोंगरातला उंट आणि कायद्याची दोरी

मे २०२३ मध्ये नाशिक परिसरात शंभराहून अधिक उंट पायी दाखल झाले आणि एकच खळबळ उडाली. बेकायदा वाहतुकीचा आणि कत्तलीचा संशय व्यक्त झाला. उंट पांजरपोळात ठेवण्यात आले. लांबच्या चालीने थकलेल्या या जनावरांपैकी काही दगावलीही. अखेर राजस्थानातून आलेल्या रायका समाजाच्या उंटपालकांनी उरलेला कळप पायीच मायदेशी नेला. प्रकरणावर पडदा पडला. पण एवढे उंट आपला मुलूख सोडून दक्षिणेकडे का निघतात, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

उंट म्हटले की वाळवंट, हे समीकरण मराठी मनात पक्के बसले आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. देशात उंटाच्या नऊ जातींची नोंद असून त्यातील मेवाडी ही जात अरवलीच्या डोंगररांगांत वाढलेली आहे. उदयपूर, चित्तोडगड, राजसमंद, भिलवाडा हा तिचा मुख्य प्रदेश. बिकानेरी उंटाच्या तुलनेत मेवाडी उंट ठेंगणा आणि बळकट बांध्याचा असतो. मागील भाग भक्कम, पाय जड आणि तळवे कठीण व जाड असल्याने खडकाळ चढउतारावर ओझे घेऊन तो सहज चालतो. अंगावरचे राठ, दाट केस रानमाश्यांच्या दंशापासून त्याचे रक्षण करतात. नाशिककरांना हे नवल वाटू नये. इगतपुरी-अकोले पट्ट्यातील डांगी गुरांची तेलकट कातडी आणि टणक खूर ही सह्याद्रीच्या धुवाधार पावसाचीच देणगी आहे. जनावराची जात तिच्या भूमीशी अशी जखडलेली असते.

मेवाडीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे दूध. कास चांगली विकसित असलेली ही उंटीण दिवसाला साधारण चार ते सहा लिटर दूध देते आणि तेही झाडपाल्यावर, रानात चरून. गाईच्या दुधात ज्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन प्रथिनाची अनेकांना ॲलर्जी असते, ते उंटिणीच्या दुधात नसते. कच्छमधील उंटपालकांचे दूध २०१९ पासून अमूलने बाजारात आणले. म्हणजे मागणी निर्माण होऊ शकते, हे सिद्ध झाले आहे. मात्र संकलन आणि शीतसाखळी नसेल, तर डोंगरात विखुरलेल्या कळपांचे दूध शहरापर्यंत पोहोचणार कसे?

इथेच खरी मेख आहे. उंटिणीचा गर्भकाळ सुमारे १३ महिन्यांचा. साहजिकच दोन वर्षांतून एखादेच पिल्लू मिळते. पूर्वी नर पिल्लू शेती आणि वाहतुकीसाठी विकले जाई व त्यावर उंटपालकाचे वर्ष निघे. ट्रॅक्टर आणि मालमोटारींनी ती गरज संपवली. कुंभलगडसारख्या अभयारण्यांत चराईवर निर्बंध आले. त्यात राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये कत्तलबंदीबरोबरच परवानगीशिवाय राज्याबाहेर नेण्यासही मनाई करणारा कायदा केला. हेतू संवर्धनाचा होता. परिणाम असा झाला, की खुला ग्राहक घटला, भाव कोसळले आणि कळप राखणे आतबट्ट्याचे ठरले. चोरवाटा बंद झाल्या नाहीत, हे नाशिकच्या घटनेने उठवलेल्या संशयातून ध्वनित होतेच.

आकडे बोलके आहेत. देशात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे चार लाख उंट होते. २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. सात वर्षांत सदतीस टक्क्यांची घट! या घसरणीचे सगळे खापर नव्या कायद्यावर फोडता येणार नाही, कारण ती कायद्याच्या कितीतरी आधीपासून सुरू आहे. पण कायद्याने ती थांबवलीही नाही, हे मान्य करावेच लागेल.

महाराष्ट्रासाठीही यात धडा आहे. दमट हवा आणि पावसाळ्यातील चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग उंटाला जीवघेणा ठरतो. त्यामुळे पकडलेले उंट पांजरपोळात अनिश्चित काळ ठेवणे म्हणजे सुटका नव्हे. पशुवैद्यकीय तपासणी, योग्य चारा आणि पावसाळ्यापूर्वी सुरक्षित परतीची व्यवस्था यांची निश्चित कार्यपद्धती जिल्हा प्रशासनाकडे हवी.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा संवर्धनाच्या दृष्टीचा आहे. ज्या जनावरावर पालकाचे पोट भरते, तेच जनावर टिकते. मेवाडी उंटिणीच्या दुधाला हमखास खरेदीदार, डोंगरात चराईचा हक्क आणि नर उंटांच्या वैध विक्रीची पारदर्शक व्यवस्था, या तीन गोष्टी झाल्या, तर कळप अरवलीतच राहतील. अन्यथा राज्यपशूचा सन्मान कागदावर राहील आणि उंटांचे तांडे परक्या मुलखाची वाट तुडवत राहतील.