विश्लेषण : क्रिकेटच्या ग्रुपवर ‘राजकारण नको’ हा नियम टिकत का नाही? ॲडमिनने करावे तरी काय?

१४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात भारताने पाकिस्तानला सात गडी राखून हरवले. सामनावीर ठरला कुलदीप यादव. पण त्या रात्री सर्वाधिक गाजले ते न झालेले हस्तांदोलन. भारतीय कर्णधार सूर्यकुमार यादवने विजय सैन्यदलांना अर्पण केला आणि पहलगाम हल्ल्यातील पीडितांच्या कुटुंबीयांसोबत असल्याचे सांगितले. क्रिकेटप्रेमींच्या व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि फेसबुक ग्रुपच्या ॲडमिनसमोर अशा रात्री नेहमीचाच पेच उभा राहतो. ‘हा ग्रुप फक्त क्रिकेटसाठी आहे’ असे लिहून ठेवलेले असते, पण हस्तांदोलन हे क्रिकेट की राजकारण, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.

हा नियम मुळात कशासाठी?

सोसायटी, कॉलेज, ऑफिस किंवा एखाद्या आयपीएल संघाचे चाहते अशा ग्रुपवर एकत्र येतात. तिथे वेगवेगळ्या पक्षांचे, धर्मांचे, जातींचे लोक असतात आणि त्यांना जोडणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे खेळ. निवडणुकीच्या दिवसांत तिथे फॉरवर्डचा पाऊस सुरू झाला, की संघनिवड आणि धावफलक त्याखाली दबून जातात. जे फक्त सामन्यासाठी आलेले असतात ते आधी ग्रुप म्यूट करतात, मग बाहेर पडतात. त्यामुळे अवांतर विषयांना आवर घालण्यात गैर काही नाही. अडचण येते ती ‘अवांतर’ कशाला म्हणायचे, इथे.

क्रिकेटमधून राजकारण वेगळे काढता येते का?

पूर्णपणे नाही, आणि मुंबईकरांना हे इतरांपेक्षा आधीपासून ठाऊक आहे. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत होणारे पंचरंगी सामने हिंदू, मुस्लीम, पारशी, युरोपीय आणि ‘दि रेस्ट’ अशा संघांत खेळले जात. धर्माच्या आधारावरील या स्पर्धेला महात्मा गांधींनी १९४० मध्ये जाहीर विरोध केला आणि १९४६ नंतर ती बंद झाली. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा नियोजित दौरा रद्द झाला. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील शेवटची द्विपक्षीय मालिका २०१२-१३ मध्ये झाली. त्यानंतर मालिका का झाली नाही, याचे उत्तर फलंदाजीच्या सरासरीत सापडत नाही.

ताजे उदाहरण मे २०२५ चे आहे. भारत-पाकिस्तान संघर्षामुळे ८ मे रोजी धरमशाला येथील आयपीएल सामना अर्ध्यावर थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा स्थगित झाली आणि १७ मे रोजी पुन्हा सुरू झाली. त्या आठवड्यात ‘आपला पुढचा सामना कधी?’ असे विचारणारा चाहता क्रिकेटबद्दलच विचारत होता. उत्तर मात्र सीमेवरच्या परिस्थितीवर अवलंबून होते.

शब्दांवर बंदी घालून भागते का?

टेलिग्रामवरील बॉट किंवा फेसबुक ग्रुपमधील सुविधा वापरून ठरावीक शब्द असलेले मेसेज आपोआप अडवता येतात. नेत्यांची नावे त्या यादीत टाकली की प्रश्न मिटेल, असे अनेकांना वाटते. पण मग अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवरील अंतिम सामन्याची चर्चा अडेल आणि दिल्लीच्या अरुण जेटली स्टेडियमचीही. मुंबईत तर वानखेडे हे नावच राज्याचे माजी मंत्री शेषराव वानखेडे यांचे आहे. त्याच मैदानावर मे २०२५ मध्ये शरद पवार यांच्या नावाच्या स्टँडचे अनावरण झाले. पवार बीसीसीआयचे आणि आयसीसीचेही अध्यक्ष होते. मुंबई क्रिकेट संघटनेची निवडणूक ही क्रिकेटची बातमी आहे आणि राजकारणाचीही. यंत्राला शब्द ओळखता येतो, संदर्भ ओळखता येत नाही. हे काम शेवटी माणसालाच करावे लागते.

आयसीसीला तरी सीमारेषा आखता आली का?

मैदानावर राजकीय संदेश नकोत, असा आयसीसीचा नियम आहे. तो लावताना काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. जुलै २०१४ मध्ये इंग्लंडच्या मोईन अलीने साउदम्प्टन कसोटीत गाझाच्या समर्थनाचे मनगटी पट्टे घातले. इंग्लंडच्या मंडळाने ही मानवतावादी भूमिका असल्याचे म्हटले, तरी आयसीसीने मनाई केली. मार्च २०१९ मध्ये रांचीत भारतीय संघ पुलवामातील शहीद जवानांच्या सन्मानार्थ लष्करी टोप्या घालून उतरला. त्याला परवानगी होती. तीनच महिन्यांनी विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या ग्लोव्हजवरील ‘बलिदान’ चिन्ह मात्र काढायला लावले. डिसेंबर २०२३ मध्ये उस्मान ख्वाजाला ‘सर्व जीव समान आहेत’ अशा अर्थाचे शब्द लिहिलेले बूट पर्थ कसोटीत घालू दिले नाहीत.

प्रत्येक निर्णयामागे तांत्रिक कारण होते. तरीही एका प्रसंगात जे चालले ते दुसऱ्यात का चालले नाही, हा प्रश्न उरलाच. आशिया चषकानंतर आयसीसीने वेगळे पाऊल उचलले. सामन्यानंतरच्या वक्तव्यासाठी सूर्यकुमार यादवला आणि मैदानावरील हावभावांसाठी पाकिस्तानच्या हारिस रौफला सामना मानधनाच्या ३० टक्के असा सारखाच दंड झाला. दोन्हीकडच्या चाहत्यांना आपल्या खेळाडूचा दंड अन्यायकारक वाटू शकतो, पण नियम फक्त आपल्यालाच लावला असे म्हणणे त्यांना अवघड जाते.

‘दोघेही थांबा’ म्हटल्याने काय होते?

ॲडमिनचा हा सर्वांत सोपा आणि बरेचदा सर्वांत चुकीचा निर्णय असतो. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. त्यानंतर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून समाजमाध्यमांवर लक्ष्य केले गेले. कर्णधार विराट कोहलीने काही दिवसांनी पत्रकार परिषदेत शमीची बाजू घेतली आणि धर्मावरून कोणावर हल्ला करणे अत्यंत केविलवाणे असल्याचे सुनावले. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्शदीप सिंगने आशिया चषकात आसिफ अलीचा झेल सोडला, तेव्हा त्याच्या विकिपीडिया पानावर खलिस्तानशी संबंध जोडणारा मजकूर घातला गेला. केंद्र सरकारला त्याची दखल घ्यावी लागली.

असा मेसेज ग्रुपवर आला आणि दुसऱ्या सदस्याने आक्षेप घेतला, तर ‘राजकारण नको, दोघेही थांबा’ ही सूचना वरवर तटस्थ दिसते. प्रत्यक्षात शिवी देणारा आणि ‘शिवी देऊ नका’ म्हणणारा एकाच तागडीत तोलले जातात. मूळ मेसेज तसाच राहतो, आक्षेप घेणारा गप्प होतो. दुसराही एक सापळा आहे. बहुसंख्य सदस्यांना पटणारी भूमिका देशभक्ती म्हणून खपून जाते आणि न पटणारी तेवढी ‘राजकारण’ ठरते. मग नियम असतो, पण तो संख्येने कमी असलेल्यांनाच लागू होतो. ते भांडत बसत नाहीत. आधी लिहिणे बंद करतात आणि मग ग्रुप सोडतात.

कायद्याने ॲडमिन किती जबाबदार?

याबाबत महाराष्ट्रातील ॲडमिनना दिलासा देणारा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिला. गोंदिया जिल्ह्यातील या प्रकरणात, महिला सदस्याबद्दल आक्षेपार्ह भाषा वापरणाऱ्याला ग्रुपमधून काढले नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. सदस्य घेणे आणि काढणे एवढाच ॲडमिनचा मर्यादित अधिकार असतो. मेसेज येण्यापूर्वी तो अडवणे त्याच्या हातात नसते. त्यामुळे समान हेतू किंवा पूर्वनियोजित योजना दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला दोषी धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये अशीच भूमिका घेतली.

मेसेज टाकणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ (गटांत वैर वाढवणे), २९९ (धार्मिक भावना दुखावणे) आणि ३५३ (अफवा व चिथावणी) यांखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा हमखास बचाव नाही. २०२१ च्या त्याच सामन्यानंतर व्हॉट्सॲप स्टेटसवरून आग्र्यात शिकणाऱ्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांना अटक झाली होती. त्यांना अलाहाबाद उच्च न्यायालयाकडून जामीन मिळेपर्यंत सुमारे पाच महिने गेले. आरोप टिकतो की नाही हे नंतर ठरते, तुरुंगातले दिवस आधी जातात. म्हणूनच वेळीच डिलीट झालेला मेसेज बरेचदा तो टाकणाऱ्याच्याही हिताचा असतो.

कोणती साधने हाताशी आहेत?

व्हॉट्सॲपवरील संवाद एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असल्याने कंपनी ग्रुपमधला मजकूर वाचून छाननी करत नाही. कोणी तक्रार केली तरच संबंधित अलीकडचे मेसेज कंपनीकडे जातात. म्हणजे पहिला पहारा ॲडमिनचाच. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो आणि तो कोणी काढला हे ग्रुपला दिसते. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग वाद पेटल्यावर तासाभरासाठी लावता येते. टेलिग्रामवर एकाच ग्रुपमध्ये विषयवार कप्पे करता येतात. ‘स्लो मोड’ लावला की प्रत्येकाला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबावे लागते. रागाच्या भरात लिहिलेला दुसरा मेसेज बरेचदा त्या वेळात विरून जातो.

राजकीय चर्चेसाठी वेगळा ग्रुप काढणे हाही एक मार्ग आहे. त्याने मुख्य ग्रुपवरील गर्दी कमी होते. पण त्या ग्रुपकडे कोणी पाहिलेच नाही, तर तिथले भांडण स्क्रीनशॉट होऊन मूळ ग्रुपवर परत येते. वेगळी जागा दिली तरी तिथेही नियम आणि ॲडमिन लागतोच.

मग नियम कसा असावा?

‘राजकारण नको’ या दोन शब्दांऐवजी तीन प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. पहिला, या मेसेजचा सामना, खेळाडू, मैदान किंवा क्रिकेट प्रशासनाशी थेट संबंध आहे का? भारताने पाकिस्तानशी खेळावे की नाही, हा प्रश्न या कसोटीवर उतरतो. एखाद्या पक्षाच्या सभेचा व्हिडीओ उतरत नाही. दुसरा, टीका निर्णयावर आहे की माणसाच्या धर्म, जात, प्रांत किंवा कुटुंबावर? सुटलेल्या झेलावर कितीही बोलावे. झेल सोडणाऱ्याच्या धर्मावर आलेला मेसेज चर्चेविना काढावा. तिसरा प्रश्न ॲडमिनने स्वतःला विचारायचा आहे : हेच वाक्य दुसऱ्या बाजूने लिहिले असते, तर मी हाच निर्णय घेतला असता का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकट्याने देणे कठीण असते. त्यामुळे मोठ्या ग्रुपवर वेगवेगळ्या विचारांचे किमान दोन-तीन ॲडमिन असावेत. मेसेज काढला तर कारण एका ओळीत सांगावे. समज द्यायची ती खासगीत द्यावी, कारण सर्वांसमोर सुनावले की माणूस माघार घेण्याऐवजी हट्टाला पेटतो. आणि नियम सामन्याच्या दिवशी सकाळीच पिन करून ठेवावा. वाद पेटल्यावर पहिल्यांदा नियम सांगितला, तर तो आपल्याविरुद्धच काढला असे कोणाला तरी वाटणारच.

एवढे करूनही काही जण नाराज होतील, एखादा बाहेरही पडेल. पण चाहत्यांच्या ग्रुपवर सगळ्यांचे एकमत होणे गरजेचे नाही. पराभवाच्या रात्री गोलंदाजाचे आडनाव कोणतेही असो, त्याच्या शेवटच्या षटकावरच चर्चा व्हावी आणि आपले आडनाव पाहून कोणी उत्तर देईल, या भीतीने एकाही सदस्याला गप्प बसावे लागू नये. नियम चालतो आहे की नाही, हे ग्रुपवरची शांतता पाहून कळत नाही. आधी नेहमी लिहिणारे कोण अलीकडे लिहीत नाहीत, हे ॲडमिनने अधूनमधून पाहायला हवे.