गुमायुसीला बाकावर बसवलं होतं

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत मुलांनी गेमिंगच्या स्पर्धेसाठी हॉल मागितला. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘इथे जुगार चालणार नाही’ म्हणत विषयच मिटवून टाकला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून वेगळी मान्यता दिली, हे मी सांगून पाहिलं. ‘बटणं बडवण्यात कसला आलाय खेळ?’ असा उलटा सवाल आला. मला याचा फार राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

अशा सगळ्यांनी कोरियाचा टी-वन हा संघ बघावा. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा त्यांचा खेळ, पाच विरुद्ध पाच. फेकर या नावाने खेळणारा ली सांग-ह्यॉक २०१३ मध्ये सतराव्या वर्षी या संघाकडून जगज्जेता झाला, मग २०१५, २०१६, २०२३, २०२४ आणि २०२५ मध्येही. सहाही वेळा संघ हाच. मधल्या सहा-सात वर्षांच्या दुष्काळातही तो दुसरीकडे गेला नाही. २०१७ ची अंतिम फेरी बीजिंगमध्ये ०-३ ने हरल्यावर तो तिथेच टेबलावर डोकं टेकून रडला होता.

फेकरबद्दल सगळेच लिहितात आणि लिहावंच. माझा जीव मात्र त्याच संघात खेळलेल्या गुमायुसीवर आहे.

ली मिन-ह्यंग हे त्याचं खरं नाव. थोरला भाऊ ‘स्टारक्राफ्ट’मधला नावाजलेला खेळाडू. गुमायुसीची जागा नकाशाच्या खालच्या वाटेवर, जोडीला केरिया हा सहकारी. या जागेवरचा खेळाडू सुरुवातीला अगदी दुबळा असतो. दर अर्ध्या मिनिटाला प्याद्यांची नवी रांग चालत येते आणि प्यादं मरताना शेवटचा वार ज्याचा, सोनं त्याचं. क्षणभर आधी मारलं तरी फुकट, नंतर मारलं तरी फुकट. त्यात समोरचे दोघे टपलेले. अशी वीस-पंचवीस मिनिटं नेटाने काढली की त्या सोन्यातून हत्यारं येतात, आणि मग शेवटच्या झुंजीत सगळा संघ याच्या भरवशावर उभा राहतो. याला जर खेळ म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

२०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन विश्वविजेतेपदं जिंकलेल्या या मुलाला २०२५ च्या सुरुवातीला संघाने बाकावर बसवलं. त्याच्या जागी राखीव फळीतला स्मॅश आला. चाहते आपसांत भांडले, इंटरनेटवर नको नको ते लिहिलं गेलं. तो थांबला, सराव करत राहिला आणि त्याने आपली जागा परत मिळवली.

त्या वर्षी टी-वन कोरियातून चौथ्या क्रमांकाने विश्वस्पर्धेत पोचला. मुख्य फेरीत शिरण्यासाठीसुद्धा चीनच्या इन्व्हिक्टस गेमिंगला हरवावं लागलं. ९ नोव्हेंबरला चेंगडूत अंतिम सामना झाला, तोही कोरियातल्याच केटी रोल्स्टरशी. टी-वन १-२ ने मागे पडला, पुढचे दोन्ही डाव जिंकून ३-२ ने जिंकला. सलग तीन विश्वविजेतेपदं याआधी कोणालाच जमली नव्हती. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला गुमायुसी.

त्यानंतर काही दिवसांतच तो टी-वन सोडून हानह्वा लाइफ ईस्पोर्ट्सकडे गेला. त्याच्या जागी आलेला पेझ गुणी आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण ज्याने बाकावरून उठून विश्वचषक जिंकून दिला, तो खेळाडू टी-वनने काहीही करून राखायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.