श्रेयाचे वांटेकरी

तैवानच्या चित्रपटांचा विषय निघाला कीं जाणकार म्हणविणाऱ्या मंडळींच्या तोंडीं हौ श्याओ-श्येन आणि एडवर्ड यांग हीं दोन नांवें हटकून येतात. नांवें मोठींच आहेत, आणि त्यांना कमी लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, ह्या दोन नांवांपुढें पूर्णविराम पडतो. आणि ज्या स्त्रियांवांचून ह्या चित्रपटांना आजचें रूप आलेंच नसतें, त्यांची बोळवण 'साहाय्य' ह्या एका शब्दावर होते.

चू तिएन-वेन ह्या लेखिकेचेंच उदाहरण घ्या. १९८३ सालीं त्यांच्या एका लेखावरून चित्रपट निघाला, आणि त्या निमित्तानें त्यांचें व हौंचें जें सहकार्य सुरू झालें तें २०१५ च्या 'मारेकरीण'पर्यंत टिकलें. 'आजोबांकडील उन्हाळा' (१९८४) हा तर त्यांच्याच कथेवरचा. परंतु आमचा मुद्दा कथानकाचा नाहींच. परदेशांत शिकून आलेले तरुण दिग्दर्शक पाहून त्या सुमारास हौ स्वतःच्या पद्धतीविषयीं साशंक झाले होते. तेव्हां चूबाईंनीं त्यांच्या हातीं शेन त्सुंग-वेन ह्या चिनी लेखकाचें आत्मचरित्र दिलें. दारिद्र्य, शिरच्छेद, मृत्यु ह्या साऱ्यांकडे शेन दुरून, अविचल नजरेनें पाहतात. कोणाचा न्यायनिवाडा करीत नाहींत. ती नजर हौंना सांपडली, आणि 'फेंगक्वेइचीं पोरें' (१९८३) ह्या चित्रपटाच्या वेळीं ते छायालेखकाला कॅमेरा मागें, आणखी मागें न्यावयास सांगूं लागले. जगभरचे टीकाकार ज्या शैलीला आज हौंची म्हणून ओळखतात, तिचा एक मोठा झरा असा एका लेखिकेच्या वाचनांत आहे. हें हौंनीं स्वतः लपविलें नाहीं. लपविलें तें त्यांच्या भक्तांनीं.

कोणी म्हणतील, पुस्तक देणें निराळें आणि चित्रपट करणें निराळें. चित्रपट ही दिग्दर्शकाची कला, पटकथा हा केवळ कच्चा माल. हें म्हणणें आम्हांस निम्मेंच मान्य आहे. 'विषादनगरी' (१९८९) पाहावा. व्हेनिसच्या महोत्सवांत सुवर्णसिंह मिळविणाऱ्या ह्या चित्रपटानें २८ फेब्रुवारी १९४७ पासूनच्या कत्तलीचा, दीर्घकाळ निषिद्ध असलेला विषय पडद्यावर आणिला. पण ती कत्तल आपणांस फारशी दिसत नाहीं. एका तरुणीच्या रोजनिशींतून ती उमगत जाते. तिचा होणारा पति मुका-बहिरा असल्यामुळें त्या दोघांचें बोलणेंहि कागदाच्या चिठ्ठ्यांवरच चालतें. पटकथा चूबाई आणि वू न्येन-जेन ह्या दोघांची. रोजनिशी व चिठ्ठ्या ह्या लेखणीच्या वस्तु आहेत. त्या काढून घ्याव्या आणि मग आमच्या विद्वान मित्रांनीं उरलेला चित्रपट आम्हांस दाखवावा!

दुसराहि एक वर्ग आहे, आणि तो आम्हांस पहिल्यापेक्षां अधिक घातक वाटतो. तो स्त्रियांना श्रेय देतो, पण 'स्त्रीसुलभ कोमलता' म्हणून. ज्या बाईनें शिरच्छेदांचें वर्णन करणारें पुस्तक दिग्दर्शकाच्या हातीं ठेविलें, तिच्या कोमलतेचे गोडवे गाण्यास विलक्षण धाष्टर्य लागत असलें पाहिजे.

सिल्व्हिया चांग ह्यांची गोष्ट तर मौजेची. त्या नटी म्हणून सर्वांस ठाऊक. पण १९८१ च्या सुमारास 'अकरा स्त्रिया' ह्या दूरदर्शन-मालिकेच्या त्या निर्मात्या होत्या, आणि तींतला एक भाग दिग्दर्शित करण्याची संधि त्यांनीं ज्या नवख्याला दिली तो म्हणजेच एडवर्ड यांग. चरित्रांत मात्र बाई यांगच्या १९८३ मधील पहिल्या मोठ्या चित्रपटाची नायिका एवढ्याच उरतात. त्यांनीं स्वतः चित्रपटहि दिग्दर्शित केले. त्यांतील कांहीं आम्हांस नको इतके गोड वाटतात, हेंहि सांगून टाकतों. स्त्रीनें केलें म्हणून सारेंच वाखाणावें, असा आमचा आग्रह नाहीं.

१९८५ चा 'असें गेलें माझें आयुष्य' हा श्याओ सा ह्या लेखिकेच्या कथेवरचा. 'मारेकरीण'मधील तांगकालीन वस्त्रें ह्वांग वेन-यिंग ह्यांचीं. युद्धकाळीं जपानी सैन्यानें ज्या तैवानी स्त्रियांची विटंबना केली, त्यांची पन्नास वर्षें दडपलेली कहाणी यांग च्या-युन ह्यांनीं १९९८ सालीं माहितीपटांतून मांडली.

ह्वांग यू-शान ह्यांनीं तर कोणाच्या कृपेची वाटच पाहिली नाहीं. १९९३ सालीं तैपेइमध्यें स्त्रियांच्या चित्रपटांचा महोत्सव सुरू करण्यांत त्या अग्रेसर होत्या. पुढें २००५ सालीं त्यांनीं ह्वांग चिंग-चेंग ह्या शिल्पकाराच्या जीवनावर चित्रपट काढिला. हा शिल्पकार पेंगहू बेटांवरचा, त्यांच्याच मुलखांतला. १९४३ मध्यें जपानहून तैवानला परततांना जहाज बुडून तो तरुणपणींच वारला. एका मागें पडलेल्या कलावंताचें नांव त्यांनीं असें पुन्हां लोकांपुढें आणिलें. खुद्द त्यांचें नांव आमच्या किती रसिकांस ठाऊक आहे?